सोळा लाल ठिपके

काउलिंगच्या आतल्या पांढऱ्या रंगावर एक काळी रेघ होती. लांबीला करंगळीएवढी, जाडीला दोऱ्याएवढी. मी ती पुसणारच होतो. फडकं हातात होतं, बोट रेघेवर टेकलं होतं, आणि तिथंच थांबलो.

सकाळचे साडेसहा वाजले होते. कागलच्या पुढं माळावर एका कारखान्याची जुनी धावपट्टी होती. तिच्या कडेच्या पत्र्याच्या शेडमध्ये मी आणि ते विमान, दोघंच होतो. आठ वाजता कुंभोजकर सरांची मुलगी मृणाल त्यात बसून वर जाणार होती. सरांना दुसरं मूलबाळ नव्हतं.

काउलिंग म्हणजे विमानाच्या इंजिनावरचं झाकण, मोटारीला बॉनेट असतं तसं. ते मी बनवलं होतं. माझा धंदा फायबरचा. उद्यमनगरात शेड होती, बसचे डॅशबोर्ड आणि ट्रॅक्टरचे मडगार्ड करायचो, गणपतीच्या दिवसांत मंडळांचे देखावे. त्या सकाळच्या तीन महिने आधी सर शेडमध्ये आले आणि म्हणाले, "विलास चौगुले तूच का? विमानाचं झाकण करशील?" मला वाटलं, कुठल्या तरी मंडळाला देखाव्यात विमान पाहिजे असेल. मी विचारलं, "किती फुटी करायचं सर, आणि लाइटिंग कुठनं घेणार?" ते हसले नाहीत. खिशातून फोटो काढून माझ्यापुढं ठेवला.

हवाई दलात पंचवीस वर्षं इंजिनांवर काम करून निवृत्त झालेला हा माणूस. पुढची अकरा वर्षं त्यांनी घरामागच्या अंगणात दोन माणसांचं विमान स्वतःच्या हातानं बांधलं. गल्लीतल्या लोकांनी मनसोक्त टिंगल केली. मग विमान उडालं आणि लोकांची तोंडं बंद झाली. मृणालनं विमान चालवायचा परवाना काढला, आणि चार वर्षं दोघं बापलेक आळीपाळीनं उडत राहिले. त्यानंतर इंजिन तापायला लागलं, तेल खायला लागलं. जुनं झाकण स्क्रूच्या भोकांपाशी तडकलं. सरांनी इंजिन उतरवून पूर्ण खोलायचं ठरवलं. "झाकण तुझं, इंजिन माझं," ते मला म्हणाले. "आणि इंजिनाला दुसरा माणूस लागतो. तो पण तूच."

झाकण आतून पांढरं रंगवायचं, हा त्यांचाच हट्ट होता.

"आतनं कोण बघतंय वो सर?" मी म्हणालो होतो.

"आपणच बघायचं. पांढऱ्यावर तेल लपत नाही."

आणि आता त्या पांढऱ्यावर ही रेघ होती. आदल्या दिवशी आम्ही इंजिन जमिनीवरच अर्धा तास चालवून बघितलं होतं, तेव्हा उडालेलं तेल. मी झाकण पालथं करून अंदाज घेतला. रेघेच्या बरोबर समोर सिलिंडरचं हेड, म्हणजे त्याचं वरचं टोपण, येत होतं आणि त्यावरचा तीन नंबरचा नट. नटावर लाल ठिपका होता, माझ्या हातचा.

त्या ठिपक्याचं सांगितलं पाहिजे. सरांच्या शेडमध्ये एक नियम होता. नट आवळणाऱ्यानं ठिपका द्यायचा नाही. एकानं आवळायचा, दुसऱ्यानं त्याच नटावर पुन्हा पाना लावून बघायचा, आणि मगच त्या दुसऱ्यानं नटावरून खालच्या धातूवर उतरेल असा लाल ठिपका द्यायचा. नट पुढंमागं सरकला तर ठिपका तुटतो, लगेच दिसतं. रंग म्हणून मृणालची कॉलेजातली नेलपॉलिशची बाटली होती. सगळं झालं की वहीत लिहायचं. वहीला दोन रकाने, आवळणारा आणि तपासणारा, आणि दोन सह्या.

पाना कसा ओढायचा हेही त्यांनीच शिकवलं होतं. तो साधा पाना नव्हता, टॉर्क पाना होता. जेवढा जोर पाहिजे तेवढा आकडा त्याच्यावर लावायचा, आणि तेवढा जोर पडला की तो टक् वाजतो. "झटका द्यायचा नाही," सर म्हणायचे. "विहिरीतनं भरलेली घागर काढतोस तसा ओढ. झटका दिलास की तो आधीच वाजतो. मग पाना खोटं बोलला असं होतं, आणि तुला कळत पण नाही."

सिलिंडरच्या हेडचे सोळा नट सरांनी आवळले होते. दुपारची वेळ होती, पत्रा तापला होता. सोळावा झाल्यावर ते घाम पुसत बाहेर लिंबाखाली जाऊन बसले. मी पाना उचलला, आणि खाली ठेवला. सरांनी आवळलेला नट मी काय तपासणार? वडिलांनी लावलेल्या कुलपाला मागं जाऊन हिसका देऊन बघण्यासारखं ते वाटलं. मला खरोखर लाज वाटली. मी नेलपॉलिशची बाटली उघडली आणि दोन मिनिटांत सोळा ठिपके दिले. अगदी देखणे, एकसारखे. मग वहीत सही केली.

हे सगळं त्या सकाळी रेघेकडं बघताना आठवलं. मी पाना घेतला, आकडा लावला, तीन नंबरवर बसवला आणि सावकाश ओढला. पाना वाजला नाही, फिरला. ठिपका मधोमध तुटला. पाव फेरा झाल्यावर कुठं टक् वाजलं.

इंजिन चालून थंड झालं की नट किंचित बसतात, हे मला माहीत होतं. पण ते केसभर. पाव फेरा म्हणजे तो नट कधीच पुरता आवळलेला नव्हता.

पहिला विचार काय आला ते सांगतो, लपवत नाही. नट आता आवळला होता. बाटली खिशात होती. रेघ पुसायची, ठिपका पुन्हा द्यायचा, की झालं. मी बाटलीचं झाकण उघडलंसुद्धा. मग नजर शेजारच्या नटावर गेली. त्याच्यावरही माझा ठिपका होता, तितकाच देखणा. त्याच्या शेजारच्यावरही. उरलेल्यांपैकी एकाचंही मला काही ठाऊक नव्हतं. बाकीचे पंधरा गुपचूप तपासावेत तर इंजिनाच्या एका बाजूच्या नळ्या सोडवायला लागणार, तासभर लागणार, आणि तेवढ्यात बाहेर स्कूटर वाजली.

मृणाल चालवत होती, सर मागं बसले होते. ती पंचवीसची, केस घट्ट बांधलेले, गळ्यात हेडफोन. आत येता येता म्हणाली, "विलासदादा, झाकण अजून खालीच?"

सरांनी थर्मास टेबलावर ठेवला आणि स्वतःसाठी चहा ओतला. हल्ली ते कप दोन्ही हातांनी धरायचे. माळावरच्या गार वाऱ्यामुळं असेल असं मी समजत होतो.

"सर," मी म्हणालो, "आज उडवायचं नको."

"का रे?"

"हेडचा तीन नंबर ढिला निघाला. पाव फेरा."

त्यांनी कप खाली ठेवला. "ठिपका होता?"

"व्हय."

"मग तपासला होतास की."

"न्हाई सर. मी तपासलं नव्हतं. एकबी न्हाई. सोळाच्या सोळा नुसते रंगवले, आणि सही केली."

मृणालनं गळ्यातला हेडफोन काढून पंखावर ठेवला. आवाज न चढवता म्हणाली, "दादा, मी बसणार होते त्यात."

त्या एका वाक्यानं मला जे झालं ते आजही होतं. तिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

सर इंजिनापाशी आले. वाकून तुटका ठिपका बघितला. चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं पुसला, पुन्हा लावला, पुन्हा बघितलं. बराच वेळ झाला. मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "मीच ठेवला होता ढिला."

"आं?"

"तू तपासतोस का नुसता रंग देतोस, ते बघायचं होतं."

मला आधी हायसं वाटलं, आणि लगेच राग आला. "आणि ताई बसल्या असत्या तर?"

"बसू दिलं नसतं. आठच्या आत तुला विचारणार होतो."

"किती ठेवलेत सर असे?"

ते इंजिनावरून हात फिरवत राहिले. मग म्हणाले, "आकडा सांगितला तर तेवढे सापडले की थांबशील. सगळे बघ."

त्यांनी अंगठ्याच्या नखानं माझे ठिपके खरवडायला सुरुवात केली. एकेक करून सगळे काढले. नखात लाल रंग भरला. मग टॉर्क पाना उचलून माझ्या हातात दिला. "आता आवळायचं तू. मृणाल तपासेल, ठिपका मी देईन. ही तुझी शिक्षा."

आम्ही एक नंबरपासून धरलं. सात नंबर फिरला. "हा पण," मी म्हणालो. "हं," सर म्हणाले. बारा नंबर फिरला तेव्हा मी जरा ताठ झालो, लबाडी पकडल्यासारखा. "तीन झाले सर. संपले काय?"

"पुढचा बघ."

सोळाव्यापर्यंत गेलो. मग ते म्हणाले, हेडवर थांबायचं नाही. इंजिन ज्या चौकटीवर बसतं तिचे बोल्ट, पुढच्या पंख्याचे बोल्ट, तेलाच्या नळ्या, जिथं जिथं त्यांचा हात लागला होता ते सगळं. मी आवळायचा, मृणालनं माझ्यामागून पाना लावायचा, सरांनी ठिपका द्यायचा. त्यांचे ठिपके नटावर राहत नव्हते. बाजूला ओघळत होते, कुठं दोन-दोन पडत होते.

"सर, रंगाचं काम माझ्याकडंच असू द्या, देखावे करतो मी," मी म्हणालो. वातावरण जरा हलकं व्हावं म्हणून. सर हसले, पण बाटली दिली नाही. मृणाल हसली नाही.

दिवस त्यातच गेला. संध्याकाळी इंजिन पुन्हा चालवलं. झाकण काढून आत बघितलं तर पांढरं तसंच्या तसं पांढरं होतं. सरांनी वही काढली आणि कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून लिहीत राहिले. मी माझी सही करायला गेलो तर वही मिटून म्हणाले, "राहू दे."

दुसऱ्या दिवशी सकाळी मृणाल उडाली. त्याआधी सरांनी तिला पंखापलीकडं बाजूला नेलं. दोघं बराच वेळ बोलत होते, म्हणजे सर बोलत होते आणि ती ऐकत होती. तिनं एकदा इंजिनाकडं बघितलं, एकदा माझ्याकडं. मग सरांचे दोन्ही हात आपल्या हातांत धरून क्षणभर उभी राहिली. मला वाटलं, बाप आहे, काळजीचं सांगत असेल, आशीर्वाद देत असेल. मी तोंड फिरवलं.

ती वीस मिनिटं वर होती. मी मान मोडेपर्यंत आभाळात बघत होतो. सर वर बघत नव्हते. मान खाली घालून, डोळे मिटून इंजिनाचा आवाज ऐकत होते. चाकं टेकली, विमान वळून शेडकडं यायला लागलं, तेव्हा ते जिथं उभे होते तिथंच धावपट्टीच्या कडेला मातीत बसले. मी धावलो. म्हणाले, "काही नाही. पाय दुखले."

त्यानंतर सरांनी पाना कधी हातात घेतला नाही. "तू शिकलास की आता," म्हणायचे. मी फुशारून जायचो. दर दोन-तीन महिन्यांनी माळावर जायचं, ते सांगतील ते आवळायचं आणि मृणालच्या हातून तपासून घ्यायचं, असं सुरू राहिलं. माझ्या शेडमध्ये जो कोणी नवा कामगार आला, त्याला पहिल्याच आठवड्यात मी ही गोष्ट ऐकवली. सरांनी तीन नट मुद्दाम ढिले ठेवले होते, मला पकडायला. असा गुरू पाहिजे, असं शेवटी म्हणायचो. चौदा वर्षं मी ही गोष्ट अशीच सांगितली.

गेल्या वर्षी थंडीत सर गेले. अखेरची काही वर्षं त्यांना घास भरवावा लागायचा, हाताची थरथर तेवढी वाढली होती. म्हातारपण, असं मी म्हणायचो. दोन महिन्यांनी मृणालचा फोन आला. इंजिन पुन्हा पूर्ण खोलायची वेळ झाली होती. वर्षाला जेमतेम तीस-चाळीस तास उडायचं ते, त्यामुळं मधल्या काळात हेड उघडायची गरज पडली नव्हती.

मी झाकण काढलं. माझंच काम, आतून पिवळट पडलेलं, पण तडा नव्हता. इंजिनावर सरांचे ठिपके अजून होते. लाल रंग तपकिरी झाला होता आणि तसाच नटांच्या बाजूनं ओघळलेला होता.

"आधीचं वाचून घ्या," मृणालनं वही पुढं केली. "कुठले वायसर वापरले ते त्यात आहे."

पानं उलटता उलटता ती तारीख आली. वरच्या ओळीत सोळा नट, आवळणारे कुंभोजकर, तपासणारा म्हणून माझी सही, ती खोटी. त्याच्या खाली सरांच्या अक्षरात, वाकड्यातिकड्या ओळींत, लिहिलं होतं:

"हेडचे नट पुन्हा बघितले. तीन, सात, बारा ढिले. आवळणारा मी. हात थरथरतो, पाना झटका खातो आणि आधीच वाजतो. दोन महिन्यांपासून जाणवत होतं, कबूल केलं नव्हतं. माझी मुलगी बसणार होती. यापुढे पाना विलासकडे."

मी ते तीनदा वाचलं. मग वही धरून स्टुलावर बसलो.

"ताई, तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"कधीपासनं?"

"उडायच्या आधी. पंखापाशी नेलं होतं ना मला. म्हणाले, ढिले माझ्या हातानं राहिले, मुद्दाम नाही. आता बसायचं की नाही ते तू ठरव."

"आणि तुम्ही बसला?"

"तुमच्यामुळं बसले दादा. कुणी विचारलं नसताना तुम्ही सांगितलंत. आणि दुसऱ्यांदा तुम्हीच आवळलं होतं."

डोळे भरून आले ते मी पुसले नाहीत, तिथं कुणी परकं नव्हतं. थोड्या वेळानं विचारलं, "मग मला का नाही सांगितलं? चौदा वर्षं?"

"मी विचारलं होतं त्यांना." ती काउलिंगच्या कडेवरून बोट फिरवत होती. "म्हणाले, माझा हात गेला हे विलासला कळलं, तर तो फक्त थरथरणाऱ्या हाताचं काम तपासेल. त्यानं चांगल्या हाताचं काम तपासायला पाहिजे." जरा थांबून ती म्हणाली, "लाजही वाटली असेल. शेवटी माणूसच होते ते."

काम दोन महिने चाललं. व्हॉल्व्ह घासले, पिस्टनच्या रिंगा बदलल्या, काउलिंगला आतून पुन्हा पांढरा रंग दिला. हेड बसवायचा दिवस आला. सोळा नट मी आवळले. घाई केली नाही, झटका दिला नाही, प्रत्येक टक् कान देऊन ऐकला. मग खिशातली नेलपॉलिशची नवी बाटली काढून मृणालपुढं धरली.

तिनं आधी पाना मागितला.

मी दिला. ती एक नंबरपासून सुरू झाली. मी बाजूला उभा राहून मोजत होतो. आठ झाले. नवव्या नटावर पाना वाजायच्या आधी फिरला. फार नाही, बोटाच्या पेराएवढा. ती थांबली आणि माझ्याकडं बघितलं.

मी माझा उजवा हात समोर धरून बघितला. अजिबात थरथरत नव्हता. चांगला हात होता.

"पुढचा बघा ताई," मी म्हणालो.

सोळाही बघून झाल्यावर तिनं नववा माझ्याकडून पुन्हा आवळून घेतला, तपासला आणि ठिपके दिले. मी वही घेतली. सरांच्या ओळींच्या पुढं मोकळं पान काढलं आणि लिहिलं, नऊ नंबर ढिला निघाला, आवळणारा विलास चौगुले. पुढचा रकाना रिकामा ठेवून पेन तिच्याकडं दिलं, आणि तिनं तपासणाऱ्याची सही केली.